दगडावरचा साक्षीदार

सर्वांत मोठं ऋण माझ्यावर कुणाचं असेल, तर ते भाऊकाका वैशंपायनांचं. दीड महिन्यापूर्वी एका साइटवर परांचीवर उभा असताना त्यांच्या सुनेचा, माधवीवहिनींचा, फोन आला. "भाऊ गेले रे. जेवून आरामखुर्चीत बसले आणि..." मग त्या म्हणाल्या, "तुझं पत्र चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं होतं. दोनदा मला वाचायला लावलं, तिसऱ्यांदा स्वतः वाचलं." मी परांचीवरच बसलो.

मी नवापूरचा, घरातला पहिला पदवीधर. बडोद्याला इंजिनिअर झालो आणि तिथल्या घडियाळी पोळात, त्या जुन्या गल्लीत, भाऊकाकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. निवृत्तीनंतर ते जुन्या इमारतींची दुरुस्ती करत. त्यांनी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, "वडील काय करतात?" वडील गवंडी आहेत हे सांगायला जीभ वळली नाही. "बांधकाम व्यवसायात आहेत," मी म्हणालो. "वा, म्हणजे चुना ओळखत असशील." मी नकारार्थी मान हलवली. "नाही? शिकशील, दीकरा." बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांसारखं त्यांच्या बोलण्यातही गुजराती मुरलेलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांचा दीकरा, त्यांचा मुलगाच, झालो.

पहिलंच काम मिळालं ते ओखामंडळाच्या किनाऱ्यावरचं जकातघर. बडोदे संस्थानचा अंमल तिथवर होता तेव्हाची ही दगडी इमारत. छताच्या लोखंडी तुळया खाऱ्या हवेनं फुगल्या होत्या, हात लावला की पापुद्रे गळायचे. समुद्राकडच्या भिंतीला उभे तडे गेले होते. भिंत हलत असेल तर इमारत पाडायची, नसेल तर दुरुस्त करायची, असं सरकारी समितीनं ठरवलं होतं. ते ठरणार होतं काचेच्या पट्ट्यांवरून. तड्यावर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. भाऊकाका त्या पट्टीला साक्षीदार म्हणत. आठ साक्षीदार लावून ये, असं सांगून त्यांनी मला एकट्याला पाठवलं.

तिसऱ्या महिन्यात समुद्राकडचे दोन साक्षीदार तडकले. मी उत्साहाच्या भरात आधी समितीला कळवून टाकलं आणि मग भाऊकाकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी वयाची पंचाहत्तरी उलटलेले भाऊकाका काठी टेकत हजर. पाडण्याचा मसुदा घेऊन समितीची माणसं आधीच आली होती. भाऊकाकांनी कुणाला नमस्कारही केला नाही, सरळ काठीच्या मुठीनं काचेजवळ ठोकलं. ढब, ढब. पोकळ आवाज.

"ऐकलंस? साक्षीदार खरं तेच बोलतोय. पण तू त्याला दगडावर उभा करायचा सोडून प्लास्टरवर उभा केलास. सुटलंय ते प्लास्टर. भिंत कशाला हलतेय?"

समितीकडे वळून ते म्हणाले, "चूक आमची आहे. आम्हाला एक पावसाळा द्या." ते 'आमची' म्हणाले, ते मी अजून विसरलेलो नाही. जाताना मला म्हणाले, "खरवड. दगड लागेपर्यंत खरवड."

आठही साक्षीदार मी दगडावर नव्यानं लावले. तो पावसाळा मी तिथेच काढला. लाटा भिंतीवर आदळायच्या, खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि सकाळी चहाच्या आधी मी बॅटरी घेऊन प्रत्येक काचेपुढे उभा. शाबूत. पुन्हा शाबूत. शेवटी समितीची परवानगी आली तेव्हा कागद हातात घेऊन मी किनाऱ्यावर धावत सुटलो होतो.

मग कामाला असा वेग आला, की जेवणाची शुद्ध राहिली नाही. छताला टेकू दिले, गंजलेल्या तुळया एकेक करून काढल्या, नव्या बसवल्या, दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, चुन्यानं भरल्या. सगळं अवलंबून होतं ते शेवटच्या दिवसावर. छताचा भार टेकूंवरून नव्या तुळयांवर सोडायचा होता. मुकादम रणमलभाई टेकूंखालच्या जॅकचा एकेक आटा सैल करत होते, मी एका काचेकडून दुसरीकडे पळत होतो, आणि त्या दिवसासाठी मुद्दाम आलेले भाऊकाका खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"बोल दीकरा, साक्षीदार काय म्हणतात?"

"गप्प आहेत."

"मग सोडा अजून एक आटा."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटचा टेकू सैल होऊन रणमलभाईंच्या हातात आला. छत जागच्या जागी. "काका, आता तर हसा," रणमलभाई म्हणाले. "आधी चहा मागव, आलं घालून," भाऊकाका म्हणाले, पण डोळे पुसतच.

पुढं त्यांचे गुडघे त्यांना पोळाबाहेर पडू देईनात. निरोप घेताना म्हणाले होते, "फोनवरचं वाऱ्यावर जातं. पुढचा पावसाळा सरला की पत्र लिही." चष्म्याच्या घरात सापडलेलं ते हेच पत्र...

ती. भाऊकाकांस शि. सा. नमस्कार.

पावसाळा संपला. आठही साक्षीदार शाबूत आहेत. मिठाचा पांढरा थर यंदा भिंतीवर कुठेच फुटला नाही.

पहिल्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. माझ्या वडिलांचा व्यवसाय वगैरे काही नाही, ते गवंडी आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना इथे, जकातघरात, आणलं. बराच वेळ ते दरजांवरून बोट फिरवत राहिले. मग समुद्राकडच्या काचेपाशी थांबले. "ही कुणी लावली?" मी म्हणालो, मी. त्यांनी वाकून काचेची कड पाहिली आणि विचारलं, "आधी प्लास्टर खरवडलं होतंस ना?"

"दगड लागेपर्यंत," मी सांगितलं.