लग्नाला निघालो, उसाच्या रांगेत उभे राहिलो

बैलगाडीला पेट्रोल लागत नाही, एवढं एकच वाक्य त्या दिवशी मी खरं बोलले.

बाळांनो, विमान सोडून तुम्ही आगगाडीनं सावकाश हिंडताय असं कळलं. छान. आम्ही ते नव्वद सालाच्या सुमाराला करून बसलोय. माझी भाची मंजू हिचं लग्न इस्लामपूरला होतं आणि लग्नाचा अंतरपाट (भरतकाम माझं!) माझ्याकडे होता. तुमचे आजोबा म्हणाले, जीपमध्ये बस. मी त्यांना धुराचे दुष्परिणाम सांगितले, तेही इंग्रजीतून. ते जीपनं गेले. मी बापू गाडीवानाला गाडी जुंपायला सांगितली.

बापू सारखा कासरा ओढत होता. मला बघवेना.

"बापू, जनावराला त्याच्या चालीनं जाऊ द्या."

"आवं वैनी, त्यास्नी लग्नाचा पत्ता कुटं ठावं?"

पण शिकलेल्या बाईपुढे बोलायचं कसं? त्यानं कासरा सैल सोडला. बैल खुशीत चालू लागले. फाट्यावर ते वळले तेव्हा मी निसर्गाविषयी बोलत होते. हंगामात हेच बैल रोज साखर कारखान्यावर ऊस नेतात, हे मला माहीत होतं. बैलांना जास्त माहीत होतं.

भानावर आलो तेव्हा पुढे उसाच्या गाड्या, मागे उसाच्या गाड्या. वळायला जागा नाही. सुटायची वाट एकच, वजनकाट्यावरून!

मागच्या गाडीवानानं विचारलं, "काकू, ऊस कुटं हाय?"

"लग्नाला निघालोय," बापू म्हणाला.

"हितं कुणाचं लगीन हाय?"

एवढ्यात कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला. मुहूर्त तोच होता. मी अंतरपाट छातीशी धरला.

काट्यावरचा कारकून म्हणाला, रिकामी गाडी घेता येणार नाही.

"रिकामी कुटं हाय?" असं म्हणून बापूनं अत्यंत आदरानं माझ्याकडे हात केला.

मांडवात पोहोचले तेव्हा जिलबीची पंगत बसली होती. अंतरपाट म्हणून आजोबांची शाल धरली होती. ती जीपच्या सीटवरून आली होती. मंगलाष्टकं चालू असताना मंजूच्या डोळ्यांना धार लागली म्हणे. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय. मंजू मला म्हणाली, "मावशी, डिझेलचा वास गं."

जेवणं होईपर्यंत बापूनं ही हकीकत सगळ्या मांडवाला सांगितली होती.

परतीला मी मुकाट्यानं जीपमध्ये बसले. फाटा आला. ड्रायव्हरनं विचारलं, कुठं वळायचं?

"वळवू नका," तुमचे आजोबा म्हणाले. "गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्या."

मी अंतरपाटाची घडी मोडली आणि पुन्हा नीट घातली.