तराजूबेन

तराजूबेन आधी रिकामा तराजू तोलायच्या. दोन्ही पारडी मोकळी, काटा मधे आल्याशिवाय पोराला हात नाही लावायच्या. सुरतेच्या आमच्या चाळीत बाया हसायच्या, "बेन, हवा विकता का काय?" कॉलेजातून यायच्या तराजूबेन. कापड विणायच्या संच्यावर काम करणाऱ्यांची तान्ही पोरं कशी वाढतात, त्याचं संशोधन होतं त्यांचं.

आमच्यात तान्ह्याला तोलत नाहीत, नजर लागते. सासू ओरडलीच, "पोरले तोलू नको वं!" तराजूबेन म्हणाल्या, "माजी, नजर माझ्या तराजूला लागू द्या, लोखंडाचा आहे." सासूला हसू फुटलं, मग मी पोर दिलं. भीत भीतच दिलं, माझं पहिलं गेलेलं ना.

एकदा त्यांच्या जागी कॉलेजची मुलगी आली. पोराच्या पायात चांदीचे जाड वाळे, वर्षाचा होईस्तोवर काढायचे नसतात, तिनं तसंच तोललं. "मस्त वाढलाय!" मी खुश.

पुढच्या खेपेला तराजूबेन स्वतः आल्या, वाळे बघितले. "काढा" असं नाही म्हणाल्या. शेजारणीच्या मोठ्या पोराचे तसलेच वाळे मागून दुसऱ्या पारड्यात टाकले, "वाळ्याला वाळे, पोराला वजन." अन् काय सांगू, पोर वाढलंच नव्हतं!

त्यांचे साहेब आले, म्हणे तपासणीवाले यायचेत, दोन वजनं जुळत नाहीत, हे मूल वहीतून काढून टाका.

"वजन चुकलंय साहेब, मूल नाही. काढू कसं?"

साहेब रागावले, काम लांबलं, पण बाईंनी सगळ्या चाळीची पोरं परत तोलली. त्याआधी मला नि पोराला घोडागाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगावरचं दूध पुरत नाही, वरचं द्या. दिलं, रोज देवाचं नाव घेत दिलं.

मग त्यांची बडोद्याला बदली झाली. जायच्या दिवशी म्हणाल्या, "मी तोलते, सांगत नाही. मग तू तोल." मी चौथी शिकलेली, तरी मापं ठेवली, मोजली, आकडा बोलले. बाईंनी मूठ उघडली. तळहातावर पेनानं तेच लिहिलेलं. पहिल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त!

मी रडते, सासू हसते, अन् पोरगं पारड्यात उभं राहायला बघतंय, काटा काही थांबेना.