दहांच्या आतले

माझ्या मावशीला सगळे करवतबाई म्हणत. फरशी कापायच्या कारखान्यात ती करवत चालवायची, पण तिची जीभ सोसलेल्यांना नावाचं कारण वेगळंच वाटे. काका तिथेच पॉलिशच्या यंत्रावर. दगडाची पूड त्यांच्या छातीत अशी बसली, की चाळिशीतच जिना चढताना मध्येच टेकावं लागे. ते गेले आणि मावशी पेटली.

तिची मागणी साधी होती: प्रत्येक यंत्रावर पाण्याची धार आणि धूळ खेचणारा पंखा, तोही कायद्याने. आमच्या भागातल्या आमदाराच्या ती हात धुऊन मागे लागली आणि त्याला विधेयक मांडायलाच लावलं. खालच्या सभागृहात ते एकमताने मंजूर झालं. आमदार गल्लीत फोटो काढून घ्यायला आला.

"मग पंखा कधी?" मावशीने विचारलं.

"ताई, अजून वरचं सभागृह आहे."

वरच्या सभागृहातल्या एका वकील सदस्याला ती भेटली. तो शांतपणे म्हणाला, "खालच्यांनी घाई केली. आम्ही नीट बघतो. त्यासाठीच तर आम्ही आहोत."

"बघा की. फक्त श्वास रोखून बघा."

त्यांनी कित्येक महिने बघितलं आणि एक ओळ घालून विधेयक परत पाठवलं: दहापेक्षा कमी कामगार असतील, तर कायदा लागू नाही. मावशीच्या कारखान्यात आठजणी होत्या.

आमदाराने धीर दिला. खालच्या सभागृहाने मूळ विधेयक पुन्हा मंजूर केलं, तर वरच्यांना उशीर लावता येतो, अडवता येत नाही, असं त्यानेच समजावलं. मतदानाच्या दिवशी मी मावशीबरोबर प्रेक्षकांच्या सज्जात होते. आमदार उठला आणि म्हणाला, दुरुस्ती मान्य आहे. खाली सगळ्यांनी बाकं वाजवली.

मावशी उभी राहिली. "आम्ही आठजणी आहोत. आम्हाला छाती नाही का?"

पहारेकऱ्यांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. मागोमाग आमदार आला. "ताई, समजून घ्या. कामगारांचा विषय राज्याचा तसा केंद्राचाही आहे. त्यांच्या कायद्यात दहाचीच अट आहे. आपण वेगळं काही केलं, तर संमतीसाठी तिकडे जावं लागतं. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहिलं असतं."

"हे मला आज सांगताय? खालचे वरच्यांकडे बोट दाखवणार, वरचे खालच्यांकडे, आणि दोघं मिळून केंद्राकडे. इतकी सभागृहं काय एकमेकांच्या आड लपायला बांधलीत?"

त्याने घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी आठहीजणी कामावर गेल्या आणि यंत्रं बंद ठेवून बसल्या. मालक हसत म्हणाला, "बाई, तो कायदा मला लागू नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर बसलोय."

मालकाने आधी दमदाटी केली, मग गोड बोलून पाहिलं. फरशी अडकली तसे इमारतींचे ठेकेदार दारात येऊन त्याच्या नावाने शंख करू लागले. शेवटी त्याने पंखे बसवले. जुनेच, कान किटतील असे. पण हवा दिसेनाशी झाली.

मी म्हटलं, "मावशी, जिंकलीस की."

ती माझ्यावरच उखडली. "कुणाला जिंकले? मागच्या गल्लीत सहाजणी पूड खातायत, आणि तुझा तो आमदार कायदा केला म्हणून सत्कार घेत फिरतोय."

एवढं बोलून तिने चपला घातल्या आणि मागच्या गल्लीत गेली.