डोंगरी उटकटाऱ्याचं मूळ

आमच्या बांधावर उटकटारा नको इतका होतो. काटेरी पानं, पानांच्या खालून पांढरी लव, वर काट्यांचा गोल गेंद. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे कॉलेजच्या सहलीत जुन्नरकडच्या घाटमाथ्यावर तसंच एक झाड दिसलं, तेव्हा मी घाबरतच म्हणाले, "सर, हा आमच्याकडचा नाही."

"तुमच्याकडचा म्हणजे? बांधावर बसून बघितलेला?" सर म्हणाले. सगळी मुलं हसली.

मग सर खाली वाकले आणि पान उलटून बघू लागले. गेंद आमच्या उटकटाऱ्याच्या दुप्पट होता, पानं रुंद होती आणि काटे कमी. परतताना बसमध्ये त्यांनी मला पुढं बोलावलं. हे झाड कुणी नोंदवलेलं नसावं, असं ते म्हणाले. आमच्या विषयात, वनस्पतिशास्त्रात, नुसतं झाड सापडून भागत नाही. मुळापासून बीपर्यंत त्याचं वर्णन लिहावं लागतं आणि नमुना जपून ठेवावा लागतो, तेव्हा ते नवीन ठरतं.

"वर्णन तू लिही. चुकशील, ते मी बघतो. पण मुळासकट एकच झाड निघालंय, ते सांभाळ. नीट केलंस तर छापताना माझ्या नावाखाली तुझं नाव."

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. छापलेलं नाव म्हणजे घरात फक्त लग्नपत्रिकेवर.

दिवाळीच्या सुट्टीत शिरूरचं वसतिगृह बंद झालं, म्हणून झाड माझ्याबरोबर गावी आलं. पानं-फुलं वर्तमानपत्रांत दाबून मी रोज कागद बदलत होते. मूळ जाड होतं, दाबता येत नव्हतं. ते सुपात घालून गोठ्याच्या पत्र्यावर वाळत ठेवलं होतं. आले त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं की या झाडाला जगात अजून कुणी नावसुद्धा ठेवलेलं नाही. वडिलांनी ते दोनदा विचारून घेतलं. थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती म्हणाली, "माझ्या आधी तुझंच बाळ घरी आलं म्हणायचं." आत्याही ऐकत होती. ती वडिलांची मोठी बहीण. नवरा वारल्यावर आमच्याकडं आली, आणि तेव्हापासून घर तिच्याच शब्दावर चालत होतं.

पाडव्याला सकाळी आक्काला कळा सुरू झाल्या. सुईण आली. ऊन चढलं तरी सुटका होईना.

अडलेल्या बाईच्या केसांत उटकटाऱ्याचं मूळ बांधायची आमच्याकडं रीत आहे. मूल बाहेर आलं की ते लगेच काढायचं. बांधावरून कुणी मूळ उपटून आणतं आणि दुसरा कुणी गाडी बघायला जातो. नुसत्या मुळाच्या भरवशावर कुणी बसत नाही.

त्या दिवशी आत्यानं पत्र्यावरचं सूप खाली घेतलं.

"आत्या, ते कॉलेजचं हाय. बांधावरचं आणून देते."

"बांधावरचं कुणीबी आणंल. हे जगात कुणाकडं न्हाई, तूच म्हणालीस ना?"

"पण त्याचा गुण कुणालाच माहीत न्हाई अजून."

"मग आज कळंल की." जमलेल्या बायका हसल्या. मुळाला मी नमुन्याची जागा-तारीख लिहून बांधलेली चिठ्ठी तिनं दोऱ्यासकट तोडून टाकली आणि मूळ आक्काच्या केसांत आवळून बांधलं.

वडिलांनी डेअरीची जीप दारात आणून उभी केली होती. आत्या ओट्यावर येऊन ड्रायव्हरला म्हणाली, "जा रं बाबा, तुझं दूध नासंल. एवढ्या लांबनं आणलेलं मूळ बांधलंय, आता कशाला दवाखाना?"

आतून आक्का म्हणाली, "आत्या, न्या मला. पाया पडते."

"गप पड. दवाखान्यात पोट फाडत्यात. सासरचं म्हणतील, फाटकी पोरगी गळ्यात मारली. आमच्या येळंला आम्ही रानात बाळंत झालो आन् सांजच्याला भाकरी थापली."

वडील जीपशी उभे होते. ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलं, ते आत्याकडं बघत राहिले. जीप गेली.

दूध घालून जीप परत आली तोवर दुपार कलली होती. आक्का आता ओरडतही नव्हती. मग आत्यानंच तिला उचलायला लावलं.

दवाखान्यात मुलगा झाला, मेलेला. नर्सला आक्काच्या केसांत ते मूळ सापडलं. "ही कुठली घाण बांधलीय?" म्हणत तिनं कात्री चालवली. केसांच्या बटेसकट मूळ खालच्या बादलीत पडलं, रक्ताच्या बोळ्यांवर. मी दारात होते. चार पावलांवर बादली. मला कुणी अडवलं नसतं. आयानं बादली उचलून नेईपर्यंत मी बघत राहिले, पण हात पुढं केला नाही.

आक्काची सासू भेटायला आली. कॉटजवळ उभी राहूनच म्हणाली, "पोरगा होता म्हणं."

"व्हय," उशाशी बसलेली आमची आई म्हणाली.

"जिता असता तर राहिले असते दोन दिवस." आणि ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. आत्या गावात सांगत होती की आमच्या शिकलेलीनं डोंगरातनं कायतरी आणलं, तेच बाधलं.

सुट्टी संपल्यावर सरांनी पहिलं विचारलं, "मूळ?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बहीण बरी आहे ना?"

"हो, सर."

"मग बादलीतून उचलायचं नाही का? धुऊन चाललं असतं."

मी म्हणाले की मला ते मूळ आठवतं. वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड, बाहेरून तपकिरी, टोकाशी वाकलेलं.

"आठवणी छापत नाहीत. नमुना लागतो. लिही, मूळ पाहिले नाही." कागद माझ्याकडं सरकवत ते म्हणाले, "आणि अर्ध्या झाडावर दोन नावं शोभत नाहीत."

मी खाली मान घालून तसंच लिहिलं.

आक्का सासरी निघायच्या आदल्या दिवशी मी गावी गेले, तेव्हा ती म्हणाली, "तुझं ते झाड वाचून दाखव." टाईप केलेला कागद इंग्रजीत होता. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. पानं, काटे, लव, गेंद. ती विंचरत ऐकत होती. कापलेल्या जागचे केस बोटभर वाढले होते आणि तेल लावूनही उभेच राहत होते.

"आन् मुळाचं?"

"मूळ पाहिलं न्हाई, असं लिहिलंय."

तिनं फणीतले केस काढून बोटाभोवती गुंडाळले. "बरं झालं. मुळाचं छापून आलं असतं तर बाधलं ते विसरून आत्यानं तुला परत ते आणायला डोंगरात धाडलं असतं. मला अजून व्हायचीत की पोरं."