वाटेतली खुर्ची

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तसं तिच्याजवळ मी बहुतेक सगळं बोलतो. माझं ब्लडप्रेशर, दुधाचा भाव, सोसायटीच्या मीटिंगमधली भांडणं, सगळं. हे तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे — मी राहू दिलं.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कारखान्यांत, गोदामांत जाऊन तिथे काय काय वाया जातं ते मोजायचं, हा माझा व्यवसाय. माल पडून राहतो, यंत्रं थांबतात, माणसं वाट बघत उभी राहतात, नको तेवढी चालतात. हे सगळं कमी करण्याच्या पद्धतीला लीन म्हणतात. मी जातो, बघतो, गुण देतो, काय बदलायचं ते सांगतो. काही महिन्यांनी परत जाऊन बदल झाला का ते तपासतो आणि पुन्हा गुण देतो. पनवेल-उरण पट्ट्यात गोदामांना तोटा नाही, म्हणून मलाही कामाला तोटा नाही. कामोठ्यातलं घर याच कामावर झालं.

आणि हे काम मला मनापासून आवडायचं, हेही सांगून टाकतो. घरातसुद्धा मी स्वस्थ बसलो नव्हतो. एकदा रविवारी चहा-साखरेचे, डाळींचे डबे सगळे गॅसच्या जवळ आणून मांडले. बायकोने ते बघितलं आणि म्हणाली, "अहो, माझं चालणं मोजू नका. तुमचं बसणं मोजा एकदा." आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी डबे आपापल्या जुन्या जागी होते. का, ते मी विचारलं नाही.

आमच्या कामात खरं तर पहिला नियमच तो — का, ते विचारा. उत्तर मिळालं की पुन्हा विचारा. खरं कारण हाती लागेपर्यंत विचारत राहा. वर्गात शिकवताना मी हे फळ्यावर सगळ्यात वर लिहितो.

तर — जासईच्या बाजूला एक गोदाम. परदेशी जाणारे कपड्यांचे खोके तिथे यायचे, त्यांच्यावर नवी लेबलं लावून, पट्टी मारून ते पुढे कंटेनरमध्ये जायचे. पॅकिंगच्या टेबलांवर सगळ्या बायका, आसपासच्या गावांतल्या. लेबलं छापायची खोली शेडच्या दुसऱ्या टोकाला. टेबलापासून त्या खोलीपर्यंत सरळ वाट होती, रॅक आणि ऑफिसची भिंत यांच्यामधून. पुरुष तिथूनच ये-जा करायचे. बायका मागच्या दाराने बाहेर पडायच्या, पत्र्याच्या शेडला उन्हातून वळसा घालायच्या आणि पुढच्या दाराने आत यायच्या. लेबलं घेऊन परत तशाच.

मी नकाशा करायला घेतला. शेडचा आराखडा कागदावर काढायचा, एका माणसामागे दिवसभर हिंडायचं आणि ते जिथे जिथे जातं तिथे तिथे पेन्सिलीची रेघ ओढत राहायची. संध्याकाळी कागद शेवयांच्या ताटासारखा दिसतो. माझ्या वाट्याला आली वनिता. चाळिशीची, बोलकी, हाताला भलती चलाख. दुपारपर्यंत तिने मला सहन केलं, मग मागे वळून म्हणाली, "साहेब, तुमी असं मागं मागं फिरता, गावातल्या कोनी बगितला त माजं काय व्हईल?" बाकीच्या बायका खिदळल्या. एक म्हणाली, "तुला नवीन सावली मिलली गं!" मीही हसलो. ओळख झाली.

मग मी नियमाप्रमाणे विचारलं. मागून का जाता?

"वारा लागतो," ती म्हणाली.

मे महिना होता. पत्रा तापलेला. मी पुन्हा विचारलं.  आम्ही शेडच्या मागे होतो, दुसरं कोणी नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट करत ती म्हणाली, "मधल्या वाटेत तो खुर्ची टाकून बसतो ना. बाप्या मानूस आला का खुर्ची सरकवतो. आमी गेलो का पाय आत घेत नाय. घासून जायला लागतं." मग लगेच, "लिवू नका हां साहेब. घरी समजला त उद्यापासून माजं काम बंद. भांडन त्याच्याशी नाय, माज्याशी व्हईल."

तो म्हणजे शिफ्टचा इनचार्ज. नाव लिहीत नाही.

इथे थोडं थांबतो. कारण इथपर्यंत माझं काहीच चुकलेलं नाही. मी योग्य प्रश्न विचारला, मला खरं उत्तर मिळालं. आणि पुष्कळ वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो — तिनेच सांगितलं होतं, लिहू नका. मी तिचा शब्द राखला. किती सोयीचं आहे, नाही? कोणाचं गुपित राखल्याचं पुण्यही पदरात पडतं.

पण लिहायची गरज कुठे होती? मी काय मोजायला गेलो होतो? वाटेतले अडथळे. रॅकपासून भिंतीपर्यंतची ती वाट मी स्वतः टेप लावून मोजली होती. तिच्यात एक खुर्ची होती. माझ्या कामाच्या साध्या नियमाने ती खुर्ची तिथे नको होती. मालाच्या वाटेत बसायची जागा नको, एवढं एक वाक्य. ना वनिताचं नाव, ना कोणाच्या पायांचा विषय. असली वाक्यं मी दर गोदामात पाच-पन्नास लिहितो. कोणी का म्हणून विचारत नाही. खुर्ची सरकते, काम पुढे जातं.

ते वाक्य मी लिहिलं नाही.

का? नियमाप्रमाणे मीच मला विचारतो. तर — तो इनचार्ज माझ्या कामाचा तिथला मुख्य माणूस होता. रोज मला चहा पाजायचा, आकडे वेळेवर द्यायचा, "सर, तुमच्यामुळे शेडचं रूप पालटलं" म्हणायचा. कंपनीच्या आणखी तीन शेड होत्या आणि तिथलं काम मला द्यायचं का, हे मॅनेजर त्याला विचारून ठरवणार होता. पुन्हा विचारतो, एवढंच का? नाही. तो मला आवडायचा. माझं कौतुक करायचा म्हणून आवडायचा. त्याची खुर्ची हलवा असं लिहिलं असतं तर त्याने माझ्याकडे बघितलं असतं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं असतं. तेवढं मला नको होतं.

शेवटच्या दिवशी शेडमध्येच बैठक झाली. ही आमची पद्धत. बंद खोलीत नाही, कामाच्या जागेवर, सगळ्या कामगारांसमोर, उभ्याने. मी फळ्यावर तो नकाशा लावला. लांबच लांब रेघ, शेडला वेढा घालून गेलेली. मॅनेजर वाकून बघायला लागला.

"अहो, हे मागून कशाला जातात एवढं?"

इनचार्ज माझ्या शेजारी उभा होता. वनिता दुसऱ्या रांगेत, हातात चिकटपट्टीचं मशीन. ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली वगैरे नव्हती. मी काहीतरी करीन असंच तिला वाटत असावं. नाव न घेता, इकडून तिकडून, शिकलेली माणसं करतात तसं काहीतरी.

मी म्हणालो, "सवय."

मॅनेजर म्हणाला, "सवय?"

"जुनी सवय आहे. मागचं दार बंद केलं की मोडेल."

"बायकांना काय सर, गप्पा मारत फिरायला मिळालं की झालं," इनचार्ज म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. हे इथे गाळता आलं असतं, पण मी हसलो होतो.

वनिताने माझ्यावरची नजर काढली आणि मागच्या दाराकडे बघितलं. त्याला दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं.

माझा कबुलीजबाब इथे संपला असता तरी पुरे होता. पण संपत नाही. काही महिन्यांनी मी ठरल्याप्रमाणे पुन्हा मोजायला गेलो. चालणं कमी झालं होतं, गुण वाढले होते. इनचार्जची एक तक्रार होती, बायका लेबलं आणायला आता दोघी-दोघी जातात. एकीचं काम दोघी करतात, सर, हे वेस्टच ना? खुर्ची तिथेच होती. वनिता आणि तिची एक मैत्रीण मधल्या वाटेने येत होत्या, एकीमागे एक, खांदे भिंतीकडे वळवून. मला सगळं दिसलं. मी लिहिलं — एका व्यक्तीच्या कामासाठी दोन व्यक्ती, टाळता येईल. टाळलं गेलं.

तिसऱ्या खेपेला वनिताच्या टेबलावर दुसरी बाई होती. मी तिच्या मैत्रिणीला विचारलं, वनिता कुठे?

"गेली सोडून," ती खोक्यावर पट्टी मारता मारता म्हणाली. "घरी सांगितला, कंबर दुकते. तुमीच बोल्लाव ना, एकटीनं जायचा." पट्टी दातांनी तोडली. "ह्या पगारावर तिचा एक हट्ट होता. पोरीला नर्सिंगला घालायची होती तिला. आता बगू म्हनते."

मी पुढच्या टेबलाकडे गेलो. बाकीच्या तीन शेडचं काम मला मिळालं.

आणि हे अजून बाकी आहे. ती रेघ मी वर्गात शिकवतो. पनवेलला एका संस्थेत महिन्यातून दोन शनिवार माझं व्याख्यान असतं. नव्या मुलांना सोपं उदाहरण लागतं. मी फळ्यावर शेड काढतो, तिला वेढा घालणारी रेघ काढतो आणि म्हणतो, सांगा, हे लोक असं का जात असतील? मुलं काय काय उत्तरं देतात. परवा एका मुलीने हळूच विचारलं, "सर, मधे कोणी होतं का?" मी म्हणालो, "नाही, सवय होती," आणि पुढची स्लाइड लावली.

वनिता आता पनवेलच्या बाजारातल्या एका गल्लीत बसते. भाजी घेऊन, वाल, तोंडली, दिवस असले की पोपटीसाठी मडक्यात भाजतात त्या शेंगा. एकदा समोर आली तेव्हा तिने मला लगेच ओळखलं. "साहेब, बरे हाव ना? अजून मोजता काय?" तिच्या बोलण्यात टोमणा होता का ते मी खूप शोधलं. मला सापडला नाही. मी हो म्हणालो. तिने वाल मापून दिले, वर एक मूठ घातली. तिच्या मुलीचं विचारावं असं तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही.

त्यानंतर मी त्या गल्लीतून गेलेलो नाही. रविवारी आम्ही दोघं बाजाराला जातो, तेव्हा मी बायकोला मागच्या रस्त्याने नेतो. लांब पडतं. रिक्षांची गर्दी असते, सावली नाही. गेल्या रविवारी पिशव्या जड होत्या. ती मधेच थांबली, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "काय हो, जगाला जवळचा रस्ता दाखवता आणि मला का हिंडवता? हल्ली सरळ गल्लीतून का जात नाही आपण?"

मी म्हणालो, "सवय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उन्हातून चालायला लागली.