देवाला दिलेला शब्द

मिरजगावात हायवेला पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या कृपादानला त्याच्या आईनं बाप्तिस्म्याच्या दिवशीच देवाला देऊन टाकलं होतं. पोरगा पाळक होणार, चर्चमध्ये उपदेश करणार! पोरगा मोठा झाला आणि पाळकांच्या शाळेतून सरळ पळून आला. त्याला टायरचा वास आवडायचा, बाकी काही कारण नव्हतं.

त्याची पोरगी ग्रेस नगरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. परवा ती सुट्टीला आली तेव्हा तिच्या पुस्तकावरचा शब्द वाचून त्यानं विचारलं, "हे अस्तित्ववाद म्हंजी काय असतं गं?"

ग्रेसनं त्याच्या हातातला पाना घेतला. "हा कशासाठी ते आधी ठरलं, मग हा घडला. माणसाचं उलटं असतं, पप्पा. माणूस आधी जन्माला येतो. आपण कोण, हे मग त्याचं त्यानंच ठरवायचं. आणि ते चुकलं तर खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं नाही."

कृपादान खूश झाला. "लई खरं हाय! माझ्या आईला कुनीतरी सांगाया पायजे हुतं."

"मग मला नर्सिंगला जा म्हणून मागं लागू नका."

कृपादानचा चेहरा पडला. ग्रेसच्या बाप्तिस्म्याला, भर चर्चमध्ये, पोरीला नर्स करीन असं त्यानंही देवाला कबूल केलं होतं. आईवर उभा जन्म चिडलेल्या माणसानं!

बराच वेळ तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला. मग हात पुसत म्हणाला, "रविवारी चर्चमधी उभा राहून मीच सांगतो देवाला. शब्द मी दिल्ता, तू न्हाई."