बाल अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार

आमच्या ठाण्यात बाल कल्याण अधिकारी मीच होते, म्हणजे कागदावर. मूळची मी सहायक फौजदार. बंदोबस्त, समन्स, बायकांच्या तक्रारी हे सगळं उरकून वेळ उरलाच तर लेकरांचं काम. सरकारी भाषेत याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. वेळ कधी उरत नसे, हे ठाणेदार साहेबांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

कापसाचे ते फार वाईट दिवस होते. बोंडअळीनं बोंडं पोखरली, भाव पडलेला. कृषी खातं नको नको म्हणत असताना पुष्कळांनी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटलीच नाही. पाणी देऊन तिच्यावरच दुसऱ्यांदा कापूस धरला. त्याला फरदड म्हणतात. आता आमच्याकडची रीत अशी, की शेवटची वेचणी झाली की मागे राहिलेला सरवा कोणीही वेचावा. तांड्यावरची सातवीतली एक पोर सुटीच्या दिवशी दरवर्षीसारखी सरव्याला गेली. वावर मोकळं झालं असं तिला वाटलं, आणि ते निघालं फरदडीचं. मालकानं तिला कापसाच्या ओटीसकट ठाण्यात आणलं.

मी त्या दिवशी कळंबला चिंतामणीच्या यात्रेत बंदोबस्ताला. परतले तेव्हा दिवस कलला होता. सकाळपासून ती पोर बाकावर बसून होती, शेजारी दोन दारुडे. येणारा-जाणारा तिला बघून जात होता. त्यात तिच्या शाळेतलेही होते. मालक कंटाळून बाहेर चहा पीत होता. मी त्याला एवढंच विचारलं, की वावरात फरदड आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळावं?

"मले वाटलं चोरून राह्यली," तो म्हणाला. "हे कोणी सकाळीच इचारलं असतं तं मी तवाच वापस गेलो असतो."

दहा मिनिटांचं काम होतं. ते करायला दिवसभर ठाण्यात कोणी नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि रागवायचं कुणावर हेही कळेना, कारण ते काम माझंच होतं. तक्रार न लिहिता पोरीला घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात हेडमास्तर भेटले. म्हणाले, ती शाळेत यायची बंद झाली.

मग मी साहेबांच्या मागे लागले. मला फक्त लेकरांचं काम द्या, बसायला वेगळी खोली द्या, बंदोबस्ताला माझ्या जागी होमगार्ड घ्या. साहेब माणूस चांगला. "बाई, होमगार्डचं मानधन मी खिशातून देऊ का?" म्हणाले, पण प्रस्ताव पुढे पाठवला. अर्ज सहा महिने फिरून शेवटी यवतमाळला निधीच्या बैठकीत पोचला. मी त्या मालकाला बळेबळेच साक्षीला सोबत नेलं.

बैठकीत एका सदस्यानं विचारलं, "वर्षाला किती केसेस होतात तुमच्याकडे?"

"आठ-दहा," मी म्हटलं.

"आठ-दहांसाठी एक अख्खा माणूस?"

तेवढ्यात मागून मालक उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "त्या पोरीची केस झालीच नाही जी. म्हणून तुमच्या मोजणीत ते नाही. अन् ते घरी बसली हाय."

पैसे मंजूर झाले, एका वर्षापुरते.

खोलीला रंग लागायच्या आधीच मी तांड्यावर गेले. पोरीची आई म्हणाली, "शाळेची वाट ठाण्यापुढून जाते, म्हणून जात नाही म्हंते." मी पोरीला म्हटलं, चल, मी येते सोबत. ती दप्तर घेऊन निघाली. ठाणं दिसलं तशी थांबली.

"मले अंदर बसा लागन का?"

"नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तो का बसावा? ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालू लागली. ठाण्याच्या फाटकात माझेच सहकारी उभे होते. एकानं हाकही मारली. पोलिसात मला एकोणीस वर्षं झाली होती. मी तिच्या मागोमाग रस्ता ओलांडला आणि ठाण्याकडे न बघता पलीकडून शाळेपर्यंत गेले.